वीरगळीवर प्रकाशाचे पट्टे : ही अक्षरं आहेत की प्रोजेक्टरचा भास?

काळा_पाषाण

मंडळी, नमस्कार. हा धागा बरेच दिवस मनात होता, पण हातात काही ठोस येईपर्यंत थांबलो. आता जे आलंय ते खरं की भास हेच मला कळत नाहीये, म्हणून जाणत्यांपुढे ठेवतो.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. गावाबाहेर ओढ्याकाठी, चिंचेखाली एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा, उभी आहे. तीन चौकटी. खाली पडलेला वीर, मध्ये लढाई, वर शिवपिंडीची पूजा आणि शेंड्याला चंद्रसूर्य. खालच्या चौकटीत गायी आहेत असं आजी सांगायची. माझं बोट धरून दगडावरून फिरवायची, "ही बघ पाठ, हे शिंग." आज तेच बोट फिरवलं तर शेंदराचा थर लागतो, गाय लागत नाही. पावसाने झिजलंय, वर तेलशेंदूर पिढ्यान्‌पिढ्या चढलाय.

मी भोसरीत कास्टिंग तपासायच्या विभागात आहे. आमच्याकडे निळ्या उजेडाचा स्कॅनर आहे. जॉबवर, म्हणजे तपासायच्या भागावर, पट्टे टाकतो, दोन कॅमेरे बघतात आणि ड्रॉइंगपेक्षा कुठे किती जास्त-कमी ते रंगांत दाखवतो. वाटलं, हेच दगडावर का नाही? कंपनीचं यंत्र बाहेर नेता येत नाही. म्हणून घरातला जुना डीएलपी प्रोजेक्टर (१०२४ × ७६८), एक फुल एचडी वेबकॅम आणि लॅपटॉप एवढ्यावर जुळवाजुळव केली. गुरवकाकांची आणि चार वडीलधाऱ्यांची परवानगी घेतली. एकच अट होती, दगडाला काही लावायचं नाही, काही पुसायचं नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. दुपारी जिन्यात खिडकीच्या गजांची सावली पडते. भिंतीवर ती सरळ असते, पायऱ्यांवर आली की तुटल्यासारखी दिसते. पायरी जितकी पुढे, तितकी सावली सरकलेली. आपला डोळा त्या सरकण्यावरून पायरी किती पुढे ते ओळखतो. प्रोजेक्टर म्हणजे ऊन, पट्टे म्हणजे गज, कॅमेरा म्हणजे डोळा. प्रोजेक्टर, कॅमेरा आणि दगडावरचा बिंदू यांचा त्रिकोण होतो. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की तिसरं टोक सापडतं.

दिवसा काही दिसत नाही. माझा प्रोजेक्टर २,५०० ल्युमेनचा, दगडावर जेमतेम अर्धा चौरस मीटर उजळतो, म्हणजे पाच हजार लक्सच्या आसपास. भर उन्हात एक लाख लक्स असतात. म्हणून रात्री नऊनंतर, जनरेटर लावून काम केलं.

प्रोजेक्टर दगडापासून १.२ मीटर, कॅमेरा प्रोजेक्टरपासून ४० सेंटिमीटर बाजूला. पट्टे उभे, ३२ पिक्सेल रुंदीचे, साइन आकाराचे, म्हणजे उजेड लाटेसारखा हळूहळू वाढत-कमी होत जाणारे. प्रत्येक वेळी पाव पट्टा सरकवून चार फोटो. कुठला पट्टा कितवा हे कळायला ग्रे कोडची (उजेड-अंधारातून आकडा सांगणारी) पाच चित्रं आणि त्यांची पाच उलटी. म्हणजे एका बाजूने १४ फोटो.

आता मुद्दा. लढाईची चौकट आणि खालची चौकट यांच्यामध्ये चार बोटं रुंदीची कोरी पट्टी आहे. नुसत्या डोळ्यांना ती सपाट दिसते. पण खोलीचा नकाशा काढला, त्यातून दगडाचा मूळ उतार वजा केला आणि बाजूने उजेड टाकल्यासारखं चित्र केलं, तर त्या पट्टीत उभ्या दांड्यांची रांग दिसते. अक्षरांच्या काना-दांड्या असाव्यात अशी. खोली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. चित्र बघितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, मला झोप आली नाही. आमच्या वीराचं नाव इथे लिहिलेलं असेल का?

पहिलटकर

दादा, अंगावर काटा आला. जिन्यातल्या सावलीचं उदाहरण एकदम पोचलं. एक शंका : कॅमेरा प्रोजेक्टरला चिकटूनच ठेवला तर सोपं नाही का? बाजूला कशाला?

गणिताच्या_बाई

पहिलटकर, छान शंका आहे. तू सूर्याच्या जागी जाऊन बसलास आणि तिथून जिन्याकडे पाहिलंस, तर गजांची सावली तुला दिसेल का? प्रत्येक गज आपल्या सावलीवर बरोबर बसलेला दिसेल, सगळं सरळ. तुटलेपण दिसायला तुला बाजूलाच जावं लागतं. किती बाजूला गेलास त्यावर ते किती मोठं दिसतं हे ठरतं. पण फार बाजूला गेलास तर पायरीच्या मागचा भाग झाकला जातो. तेव्हा दोन्हींच्या मधली जागा निवडायची.

आकडेही करून बघ. कॅमेऱ्याचं नाभीय अंतर पिक्सेलमध्ये मोजलं तर अशा वेबकॅमला साधारण १,४०० येतं. दगडापर्यंतच्या अंतराचा वर्ग भागिले (नाभीय अंतर गुणिले प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्यामधलं अंतर). १,२०० चा वर्ग भागिले (१,४०० गुणिले ४००). उत्तर सुमारे २.६ मिलिमीटर. म्हणजे फोटोत पट्टा एक पिक्सेल सरकला तर दगड २.६ मिलिमीटर पुढे-मागे. काळा_पाषाण अर्धा मिलिमीटर म्हणताहेत, कारण साइन पट्ट्यांमुळे पिक्सेलचा दहावा भागही वाचता येतो.

जुनं_खेळणं

एवढा खटाटोप कशाला? माझ्याकडे २०१० सालचा किनेक्ट, मायक्रोसॉफ्टचा खेळासाठीचा खोली मोजणारा कॅमेरा, पडून आहे. तोही प्रकाशच टाकतो ना? हवा तर पाठवतो.

म्युनिकवाला

किनेक्टचं तत्त्व तेच आहे, पण तो वेगळ्या कामासाठी बनला. प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं तंत्र होतं ते. इन्फ्रारेड लेसरने हजारो ठिपक्यांचा एकच ठरलेला नमुना टाकायचा आणि एकाच फोटोत खोली काढायची, सेकंदाला ३० वेळा. समोरचा माणूस नाचत असेल तर १४ फोटो घेईपर्यंत तो थांबणार नाही, म्हणून एकाच फोटोत भागवणं भाग होतं. त्याची किंमत अचूकतेत मोजावी लागते. वरचंच सूत्र लावा : नाभीय अंतर ५८० पिक्सेल, दोघांत साडेसात सेंटिमीटर. एक मीटरवर एका पिक्सेलला २३ मिलिमीटर. तो पिक्सेलचा आठवा भाग वाचतो, म्हणजे पायरी जवळजवळ तीन मिलिमीटरची. या वीरगळीवरची गायच तेवढी उंच असेल.

२०१३ मध्ये प्राइमसेन्स ॲपलने घेतली आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखायला तीस हजारांहून जास्त ठिपके टाकणारा भाग आला. त्याच कुळातला. दगड स्थिर आहे, पळून जात नाही, म्हणून इथे वेळ घेऊन जास्त फोटो काढणं हीच योग्य वाट. काळा_पाषाण यांनी निवड बरोबर केली आहे.

शिलालेखवेडी

धागा वाचताना हात थरथरले, खरं सांगते. पण घाई करू नका. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळींवर लेख नसतो. कर्नाटकात लेख असलेल्या पुष्कळ आहेत, आपल्याकडे क्वचित. म्हणून "दांड्यांची रांग" ऐकलं की आधी मनाला आवर घालावा लागतो.

दोन गोष्टी विचारते. रात्री एक बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून, अगदी तिरकी धरून पाहिलीत का? आम्ही मंडळी पुसट लेख असाच वाचतो. आणि दांड्यांना डोक्यावर आडवी रेघ, बाजूला वळण, काही आहे का? नुसत्या उभ्या, सारख्या अंतरावरच्या दांड्या म्हणजे लिपी नव्हे. लिहिणाऱ्याच्या हाताला इतकं एकसारखं जमत नाही.

कागदाचा ठसा घ्या असं मी म्हणणार नाही. ओला कागद चापटून शाई फिरवायची, तर तेलशेंदूर उपटला जाईल आणि गावाला दिलेला शब्द मोडेल.

काळा_पाषाण

ताई, बॅटरी लावून पाहिली. शेंदराच्या तेलकट चकाकीने डोळे दिपतात, नीट काही कळत नाही. वळणं नाहीत. आडवी रेघही नाही. तुम्ही विचारल्यावर अंतर मोजलं : दोन दांड्यांमध्ये सव्वासहा मिलिमीटर. पहिल्या दांडीपासून शेवटच्यापर्यंत सगळीकडे तेवढंच.

व्हर्नियर

थांबा. तुमचा एक पट्टा दगडावर किती रुंद पडतो?

काळा_पाषाण

प्रोजेक्टरचे १,०२४ पिक्सेल ८० सेंटिमीटरवर पसरतात. म्हणजे पिक्सेलला ०.७८ मिलिमीटर. ३२ पिक्सेल म्हणजे २५ मिलिमीटर.

व्हर्नियर

आणि फोटो चार. पंचवीस भागिले चार, सव्वासहा.

वाईट वाटतं सांगताना, पण त्या दांड्या दगडात नाहीत. तुमच्या उजेडात आहेत.

कारण सांगतो. तुम्ही लॅपटॉपवरून सुबक साइन पट्टा पाठवता. प्रोजेक्टर तो तसाच टाकत नाही. अर्ध्या उजेडाचा करडा रंग सांगितला तर तो पाव उजेड टाकतो, कारण चित्रपट बघताना डोळ्याला ते बरं दिसतं. त्याला गॅमा म्हणतात. वर वेबकॅमचा स्वतःचा गॅमा. साइन पट्ट्याचे खांदे दबतात, दऱ्या पसरतात. मग चार फोटोंवरून जागा काढणारं गणित दर पट्ट्याला चार वेळा थोडं पुढे आणि चार वेळा थोडं मागे चुकतं. तीन फोटो घेतले असते तर तीन वेळा चुकलं असतं. पट्टे उभे म्हणून लाटा उभ्या. तुमच्याकडे बाकी दगड कोरलेला असल्याने त्या लपल्या आणि सपाट पट्टीत उघड्या पडल्या. नीट बघा, त्या सगळीकडे असतील.

कारखान्यातलं यंत्र बनवणाऱ्याने हे आधीच निस्तरलेलं असतं, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही.

खात्री करायला दगडाकडे जाऊ नका. घरी एक सपाट फळी स्कॅन करा.

काळा_पाषाण

केली. एमडीएफची फळी, पांढरा मॅट रंग दिलेली. तशाच दांड्या. पट्टा २४ पिक्सेलचा केला, दांड्या जवळ आल्या, ४.७ मिलिमीटरवर.

लेख नाही. दोन दिवस मी गावात कोणाला सांगितलं नव्हतं, तेवढं बरं झालं. पण वाईट वाटलं, लपवत नाही.

शिलालेखवेडी

वाटणारच. माझ्या वाट्यालाही हे आलंय, उन्हाच्या एका कवडशाला मी अर्धा तास अक्षर समजत होते. तुम्ही अंतर मोजलंत आणि फळीवर पडताळलंत म्हणून आता पुढचं काम भरवशाचं होईल. सोडू नका. गायी अजून बाकी आहेत.

म्युनिकवाला

ताईंना +१. आता दुरुस्तीचं बघू.

पांढऱ्या कागदावर शून्यापासून २५५ पर्यंत करडे रंग पाच-पाचच्या पायरीने टाका, त्याच वेबकॅमने फोटो घ्या, आलेख काढा. तो वाकडा येईल. त्याचा उलटा तक्ता करून पट्टे त्यातून पाठवा. प्रोजेक्टरचं "डायनॅमिक", "सिनेमा" जे काही असेल ते बंद. वेबकॅमचं आपोआप एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, तिन्ही बंद. चारऐवजी आठ फोटो घ्या. आठ फोटोंत दर पट्ट्याला आठ वेळा येणारी चूकच उरते आणि ती फार बारीक असते. प्रोजेक्टरचा फोकस केसभर ढिला केला तरी मदत होते, कडा आपोआप मऊ होतात. मात्र कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कॅमेरा-प्रोजेक्टरची मापं नक्की करण्याच्या, आधी ढिला करा, नंतर हात लावू नका.

एक्स्पोजरबद्दल वेगळं सांगतो. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये लाल-हिरव्या-निळ्या काचांचं चाक फिरतं. छोट्या एक्स्पोजरला कॅमेऱ्याच्या हाती अर्धंच चाक लागतं. शिवाय ओढ्याकाठी रस्त्यावरचा दिवा असेल, तो आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. प्रोजेक्टर सेकंदाला ६० चित्रं टाकतो. दोघांना पूर्ण भाग जाईल असा काळ घ्या : सेकंदाचा दहावा भाग. त्यात प्रोजेक्टरची बरोबर सहा चित्रं आणि दिव्याचे बरोबर दहा हेलकावे बसतात.

पहिलटकर

कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं काय करता? मी घरी प्रयत्न केला, माझी सपाट भिंत वाटीसारखी आली.

काळा_पाषाण

मित्रा, माझीही आली होती. तीन आठवडे त्यातच गेले.

सगळ्यात महत्त्वाचं एक वाक्य मला उशिरा कळलं : प्रोजेक्टर हा उलटा कॅमेरा आहे. कॅमेऱ्यात बाहेरचा किरण येऊन एका पिक्सेलवर पडतो, प्रोजेक्टरमध्ये एका पिक्सेलपासून किरण निघून बाहेर जातो. गणित तेच. म्हणून कॅमेऱ्याचं जसं कॅलिब्रेशन करतो तसंच त्याचं करायचं. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील तक्ता वेगवेगळ्या कोनांत धरून फोटो काढायचे. ही २००० सालची झांग यांची पद्धत. अडचण अशी की प्रोजेक्टरला डोळा नाही, त्याला तक्ता दिसत नाही. मग तक्त्यावर ग्रे कोडचे पट्टे टाकायचे आणि तक्त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर प्रोजेक्टरचा कितवा पिक्सेल पडतो ते कॅमेऱ्याकडून वाचून घ्यायचं. ब्राउन विद्यापीठातल्या मोरेनो आणि ताउबिन यांनी २०१२ मध्ये हे सोपं करून दाखवलं, मी तीच वाट धरली.

माझी चूक कुठे होती? मी धरून चाललो होतो की प्रोजेक्टरच्या भिंगाचा मध्य चित्राच्या मध्यावर असतो. कॅमेऱ्यात तो बहुतेक तसाच असतो. पण टेबलावरच्या प्रोजेक्टरचं चित्र मुद्दाम वरच्या बाजूला फेकलेलं असतं, म्हणजे समोरच्या भिंतीवर उंच पडावं. त्याच्या भिंगाचा मध्य चित्राच्या खालच्या कडेजवळ येतो. ते एक गृहीत काढून टाकलं आणि वाटीची भिंत झाली.

दुसरं, छापील तक्ता. दुकानातून छापून आणलेला कागद फुगतो. मी तो काचेवर चिकटवला आणि चौकोन व्हर्नियर कॅलिपरने मोजले. ३० मिलिमीटर सांगितले होते, निघाले २९.६. तेवढ्याने सगळा दगड सव्वा टक्का खोटा झाला असता.

रंगमंचामागे

मी नाटकांसाठी आणि गणपतीच्या आरासीसाठी प्रोजेक्टर लावतो. आमच्या धंद्यात खोली नको असते, जागा हवी असते : या फळीचा कोपरा प्रोजेक्टरच्या कितव्या पिक्सेलवर आहे? त्यासाठी आम्ही कॅमेरा वापरतच नाही. तुम्हाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

फळीच्या चार कोपऱ्यांत चार फोटोट्रान्झिस्टर बसवायचे, काही रुपयांचे असतात. प्रोजेक्टरवरून ग्रे कोडची चित्रं टाकायची, दहा उभी, दहा आडवी. प्रत्येक चित्रात त्या ट्रान्झिस्टरवर उजेड पडला की एक, अंधार असला की शून्य. वीस चित्रांनंतर त्याच्याकडे दहा-दहा आकड्यांचे दोन संच येतात : कितवा स्तंभ, कितवी ओळ. प्रोजेक्टर सेकंदाला ६० चित्रं टाकतो, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात त्याला स्वतःचा पत्ता कळतो. कार्नेगी मेलनच्या जॉनी ली आणि त्याच्या सोबत्यांनी २००४ मध्ये हे दाखवलं होतं. पुढे तोच मायक्रोसॉफ्टमध्ये किनेक्टच्या कामात होता.

साध्या द्विमानाऐवजी ग्रे कोड का, तर सातवरून आठवर जाताना साध्या पद्धतीत ०१११ चं १००० होतं, चारही आकडे एकदम पालटतात. ट्रान्झिस्टर नेमका सीमेवर असेल तर एक आकडा आधी पालटतो, एक नंतर, आणि पत्ता भलतीकडचा निघतो. ग्रे कोडमध्ये ०१०० चं ११०० होतं, एकच आकडा. चुकलं तरी शेजारच्याच घरात जातो.

तुमच्यासाठी सूचना अशी. दगडाला स्टिकर लावता येत नाही ना? दगडाभोवती, त्याला न टेकता, अँगलची चौकट उभी करा आणि तिच्यावर चार ट्रान्झिस्टर लावा. कॅमेरा म्हणतो तो स्तंभ आणि ट्रान्झिस्टर म्हणतो तो स्तंभ जुळतो का बघा. कॅमेऱ्याच्या बाहेरचा एक साक्षीदार मिळेल.

काळा_पाषाण

रंगमंचामागे, ही सूचना सोन्यासारखी आहे. बाहेरचा साक्षीदार, हेच मला हवं होतं. शिवाय चौकटीवर ठिपके लावले तर दोन बाजूंचे स्कॅन जोडायलाही तीच उपयोगी पडेल.

दातांचा_डॉक्टर

वेगळ्याच क्षेत्रातून येतोय. आमच्या व्यवसायात हे तंत्र फार जुनं आहे. झुरिक विद्यापीठात १९८५ मध्ये मोरमान आणि ब्रांडेस्टिनी यांनी दातावर पट्ट्यांची जाळी टाकून, खोली मोजून, त्याच बैठकीत सिरॅमिकची भरणी कोरून बसवली. सेरेक ती पद्धत. त्यावेळी दातावर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मारावी लागायची. कारण दाताचं आवरण अर्धपारदर्शक. उजेड आत शिरतो, पसरतो आणि पट्ट्याची कड विरघळते. मेण, संगमरवर यांचंही तेच.

तुमचा बेसाल्ट त्या बाबतीत उत्तम, उजेड आत शिरत नाही. पण तेलाचा थर?

व्हर्नियर

तेल आणि शेंदूर हे वेगळे प्रश्न आहेत. कारखान्यात चकचकीत जॉबवर आपण डेव्हलपर स्प्रे, म्हणजे पांढऱ्या पुडीचा फवारा, मारतो. इथे तो विचारसुद्धा नको.

काळा_पाषाण, तुम्ही पट्टे कुठल्या रंगात टाकले?

काळा_पाषाण

आधी निळ्यात. कामावरची सवय. शेंदराच्या जागी भोकंच भोकं आली. मग पांढऱ्यात टाकले.

व्हर्नियर

शेंदूर नारिंगी का दिसतो? कारण तो निळा उजेड गिळतो आणि लाल परत देतो. निळ्या पट्ट्यांना तो जवळजवळ काळा. कारखान्यात निळा घेतो कारण शेडमधल्या दिव्यांपासून तो गाळून वेगळा काढता येतो आणि जॉब करडा असतो. तुमच्या दगडाला लाल हवा. फक्त लाल पट्टे टाका, फोटोतलाही फक्त लाल भाग वाचा. आणि गॅमाचा तक्ताही लालसाठीच वेगळा काढा.

म्युनिकवाला

तेलाच्या चकाकीसाठी : प्रोजेक्टरपुढे एक पोलरायझर आणि कॅमेऱ्यापुढे दुसरा, त्याला काटकोनात फिरवलेला. तेलावरून आरशासारखा परतणारा उजेड आपली दिशा टिकवतो, म्हणून अडतो. दगडातून विखुरलेला उजेड दिशा विसरतो, म्हणून निम्मा तरी पार होतो. उजेड बराच जाईल, रात्र आहे, चालेल. प्रोजेक्टरच्या भिंगाला पोलरायझर चिकटवू नका, तापतो. चार बोटं पुढे धरा.

काळा_पाषाण

परवा शनिवारी पुन्हा गेलो. सविस्तर लिहितो, कारण यातलं निम्मं तुम्हा सगळ्यांचं आहे.

गुरवकाकांनी स्वतः सतरंजी आणली. शाळेतली सहा-सात मुलं आणि बरीच मोठी माणसं जमली होती. जनरेटर गेल्या वेळी दहा पावलांवर होता आणि त्याचा कंप तिपाईपर्यंत येत होता, या वेळी वायर वाढवून ओढ्याच्या पलीकडे ठेवला. लाल पट्टे, आठ फोटो, गॅमाचा तक्ता, सेकंदाचा दहावा भाग, दोन्ही पोलरायझर. लाल उजेडात शेंदूर आणि दगड एकसारखे उजळ दिसायला लागले, तेव्हाच वाटलं की काम होणार.

अँगलच्या चौकटीवरचे चार ट्रान्झिस्टर : तीन ठिकाणी कॅमेरा आणि ट्रान्झिस्टर यांचा स्तंभ तंतोतंत जुळला, चौथ्यात एकाचा फरक. तो ट्रान्झिस्टर सीमेवर असावा.

आधी फळी. दांड्या नाहीत. सपाट पृष्ठभागावर उरलेली खरखर ०.२ मिलिमीटर.

मग दगड. चौकटींमधली पट्टी कोरी आहे. तिथे काही लिहिलेलं नाही.

आणि खालची चौकट. शेंदराच्या थरावरून थोडा उठाव शिल्लक आहे, तो मोजता येतो. तीन गायी. पहिलीची पाठ आजूबाजूपेक्षा ३ मिलिमीटर उंच. दुसरीचे पाय एक मिलिमीटरही नाहीत, पण चारही ओळखू येतात. तिसरीने मान वळवून मागे पाहिलंय, पडलेल्या वीराकडे. ही मान आजीनेही कधी दाखवली नव्हती. कदाचित तिच्या लहानपणीही ती बोटाला लागत नसावी.

चित्र लॅपटॉपवर फिरवून दाखवलं. गुरवकाका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत दाखव. मान."

गणिताच्या_बाई

माझ्या नववीच्या वर्गाला समरूप त्रिकोण शिकवताना हे चित्र दाखवायची परवानगी द्याल का?

काळा_पाषाण

बाई, नक्की. मूळ फोटो आणि खोलीचा नकाशा दोन्ही देतो. मुलांना अंतरं स्वतः काढू देत. फसलेल्या पहिल्या स्कॅनचे फोटोही देतो, त्यांना दांड्यांचा उगम शोधता येईल.

दातांचा_डॉक्टर

एक विचारायचं राहिलं. शेंदराचा थर किती जाड आहे हे यातून कळतं का? खालचा मूळ दगड?

काळा_पाषाण

नाही. उजेड जिथून परततो तो वरचाच पृष्ठभाग मोजला जातो. थराखालचं कोरीव काम जेवढं वर उमटलंय तेवढंच दिसतं. तीन मिलिमीटरची गाय मुळात चार-पाचाची असू शकेल, ते यातून सांगता येणार नाही. दरवर्षी त्याच चौकटीतून, त्याच जागेवरून स्कॅन केला तर थर किती वाढला किंवा दगड किती झिजला ते मात्र मोजता येईल, ०.२ मिलिमीटरच्या वर असेल तर. चौकटीचे पाय जिथे टेकतात तिथे गुरवकाकांनी चार दगड पुरून दिलेत.

शिलालेखवेडी

वाचून डोळे भरले. मान वळवलेली गाय!

आता माझी मागणी. कोकणात शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप देणारे कोरीव दगड) आहेत, त्यांवर खरोखरीचे लेख आहेत आणि त्यातल्या काहींचे वाचन जुन्या ठशांवरून प्रसिद्ध झालेले आहे. असा एक दगड निवडू, ज्यातली अक्षरं आधीच माहीत आहेत. तुमच्या पट्ट्यांनी ती किती दिसतात, कुठली दिसत नाहीत, ते ठशाशी ताडून बघू. मग एखाद्या न वाचलेल्या दगडापुढे उभं राहताना आपल्याला कळेल की विश्वास कितपत ठेवायचा. परवानग्यांचं मी बघते.

रंगमंचामागे

मी येतो. माझा प्रोजेक्टर ५,००० ल्युमेनचा आहे आणि व्हॅन आहे. ट्रान्झिस्टर चारऐवजी आठ लावू.

काळा_पाषाण

ताई, पावसाळ्याआधीची अमावस्या धरू या. व्हर्नियर, फळी आणि काचेवरचा तक्ता तुम्ही एकदा तपासून द्याल का? भोसरीत कधी येता ते कळवा, मी गेटवर येतो.

व्हर्नियर

गुरुवारी सेकंड शिफ्टनंतर. काच वर्तमानपत्रात नको, ब्लँकेटमध्ये गुंडाळून आण.